हिंदी डब ॲनिमेशनपट शाळेच्या हॉलमध्ये लावायचाय: संगीत दणदणीत, संवाद गायब. काय करावं?

खानापूर_रोड

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत दसऱ्याच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मुलांना एक ॲनिमेशनपट दाखवायचं ठरलंय. पहिली ते सातवीची साठेक मुलं आहेत. मराठीत डब झालेले फार थोडे मिळतात, इंग्रजी डोक्यावरून जातं आणि कन्नड वरच्या वर्गांनाच भरभर कळतं. हिंदी मात्र टीव्हीवरच्या कार्टूनमुळं सगळ्यांच्या कानात बसलेली आहे, म्हणून हिंदी डब घ्यायचंय.

सामान असं: विंडोजचा लॅपटॉप (डीव्हीडी ड्राइव्हसकट), जुना प्रोजेक्टर, गणपती मंडळाचा ॲम्प्लिफायर, छोटा मिक्सर आणि दोन कॉलम स्पीकर. हॉल पत्र्याचा, अंदाजे 40 बाय 20 फूट.

डीव्हीडी लावून बघितली तर पार्श्वसंगीत, धडाधड आवाज सगळं मोठं येतं, पण पात्रं बोलायला लागली की आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्याच डीव्हीडीचा आवाज लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर एकदम स्पष्ट आहे. दुसरा पर्याय म्हणून ॲपवर बघितलं, तर फोनवर हिंदी दिसते, लॅपटॉपवर भाषांच्या यादीत हिंदीच नाही, आणि प्रोजेक्टरला जोडलं की आवाज येतो पण पडदा काळा. परवानगीचं काय, तेही सांगा.

निपाणी_साउंड

लॅपटॉपवर स्पष्ट आणि मिक्सरवर गायब, म्हणजे डीव्हीडीत दोष नाही. दोष केबलमध्ये आहे. तुमची केबल एका टोकाला लॅपटॉपची छोटी 3.5 मिमी पिन आणि दुसऱ्या टोकाला एकच मोठी 6.35 मिमी पिन अशी आहे का? आणि त्या मोठ्या पिनवर दोन काळ्या रेघा आहेत का? असतील तर सगळं कोडं तिथंच सुटतं.

डबिंगचं मिक्सिंग करताना संवाद मधोमध ठेवतात, म्हणजे डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे. संगीत आणि बाकीचे आवाज मात्र दोन्हीकडं थोडे वेगवेगळे असतात. मिक्सरचं मोठ्या पिनचं इनपुट बॅलन्स्ड असतं. ते पिनच्या टोकावरचा आवाज घेतं आणि मधल्या कड्यावरचा त्यातून वजा करतं. लांब वायरीत शिरलेली घरघर मारायला ही सोय केलेली असते. पण तुम्ही टोकावर डावा आणि कड्यावर उजवा चॅनेल दिलाय. सारखं ते वजा होऊन शून्य झालं, वेगळं ते उरलं. म्हणून संवाद गेले आणि ढोल राहिले.

खात्री करायची असेल तर ती मोठी पिन मिक्सरमधून हळूच थोडी बाहेर ओढा, अर्धवट अडकलेली राहील इतकीच. कड्याचा संपर्क सुटला की संवाद एकदम परत येतात. दुसरी खूण: विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा. आता दोन्ही चॅनेल शंभर टक्के सारखे झाले, त्यामुळं या केबलवर जवळपास सगळाच आवाज बंद पडेल. तसं झालं तर शंकाच नको.

उपाय स्वस्त आहे. 3.5 मिमी स्टिरिओ पिनमधून दोन वेगळ्या 6.35 मिमी मोनो पिना निघणारी वाय केबल घ्या. मोनो पिनवर एकच काळी रेघ असते, दुकानात तेवढं बघून घ्या. दोन पिना मिक्सरच्या दोन चॅनेलमध्ये, दोन्हीचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) आणि फेडर (आवाजाचं सरकतं बटण) सारखा. मिक्सरला लाल-पांढरी आरसीए इनपुटं असतील तर 3.5 मिमी ते आरसीए केबल त्याहून बरी. माइकच्या तीन पिनवाल्या गोल सॉकेटमध्ये लॅपटॉप जोडू नका. लॅपटॉपची पातळी तिथं जास्त पडते आणि आवाज फाटतो.

खानापूर_रोड

होय सर, अगदी तशीच केबल आहे, दोन रेघांची. पिन थोडी ओढल्यावर संवाद आले! वाय केबल आणतो. पण संवाद आल्यावरही संगीतापुढं थोडे दबलेलेच वाटतात. आणि पत्र्यामुळं घुमतं.

निपाणी_साउंड

ते दुसरं कारण. डीव्हीडीवर हिंदीचे कधी कधी दोन ट्रॅक असतात, 5.1 (सहा स्पीकरांसाठी) आणि 2.0 (दोन स्पीकरांसाठी). डब्याच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. 5.1 मध्ये संवादांसाठी मधला स्पीकर वेगळा असतो. तुमच्याकडं दोनच स्पीकर आहेत आणि लॅपटॉपला किंवा प्लेअरला वाटतंय सहा आहेत, तर मधल्याचा आवाज कुठंच जात नाही. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पीकरची मांडणी 'स्टिरिओ' ठेवा. घरचा डीव्हीडी प्लेअर वापरणार असाल तर त्याच्या ऑडिओ सेटअपमध्ये 'डाउनमिक्स: स्टिरिओ' करा. 2.0 ट्रॅक असेल तर सरळ तोच लावा. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ऑडिओ ट्रॅक'च्या यादीतून निवडता येतो, किंवा कीबोर्डवर बी दाबत गेलं की एकेक ट्रॅक बदलतो.

पातळी अशी लावा: व्हीएलसी 100 टक्के, त्याच्या वर नेऊ नका, 125 वर नेलं की मोठ्या आवाजात खरखर येते. विंडोज 70 ते 80. मग मिक्सरचा गेन इतकाच वाढवा की चित्रपटातल्या सगळ्यात मोठ्या आवाजालासुद्धा लाल दिवा लागणार नाही. ॲम्प्लिफायर शेवटी.

दबलेल्या संवादांसाठी मिक्सरवर बास (लो) डावीकडं निम्म्यापर्यंत उतरवा, मिड थोडा वाढवा. व्हीएलसीच्या इक्वलायझरमध्ये करायचं असेल तर 120 हर्ट्झच्या खालचं उतरवा आणि 2 ते 4 किलोहर्ट्झला 3 डेसिबल चढवा. व्यंजनं तिथंच कळतात. अगदी हळू बोलणं आणि मोठा धमाका यांतलं अंतर कमी करायचं तर त्याच खिडकीत 'कॉम्प्रेसर' आहे, तो चालू करा.

पत्र्याचं म्हणाल तर आवाज वाढवून घुमणं कमी होत नाही, उलट वाढतं. दोन्ही कॉलम पडद्याच्या दोन बाजूंना, मुलं जमिनीवर बसणार म्हणून 5-6 फुटांवर, आणि किंचित पुढं झुकवून मुलांच्या डोक्यांकडं तोंड करून बांधा. वर छताकडं अजिबात नको. खाली सतरंज्या आणि मागच्या भिंतीवर ताडपत्रीऐवजी जाड चादरी किंवा घोंगड्या टांगा. ताडपत्री आवाज परत फेकते. मुलं बसल्यावर घुमणं आणखी उतरतं, त्यामुळं रिकाम्या हॉलमध्ये थोडं घुमलं म्हणून घाबरू नका. परतीचा पाऊस आला तर मात्र पत्र्यावरच्या आवाजापुढं काही चालत नाही. त्या वेळी थांबवलेलं बरं.

एचडीएमआय_बेळगाव

ॲपबद्दल. हिंदी यादीत न दिसण्याचं कारण सहसा प्रोफाइल असतं. काही ॲप सगळ्या भाषा दाखवत नाहीत, प्रोफाइलची भाषा आणि तुमचा भाग बघून काही निवडक दाखवतात. फोनवर आणि लॅपटॉपवर वेगळी प्रोफाइल उघडलेली असणार. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये भाषा हिंदी करा, ॲप बंद करून परत उघडा. काही ठिकाणी हिंदी आवृत्ती वेगळ्याच पोस्टरखाली असते. तिथं नावासोबत 'हिंदी' लिहून शोधायचं. तरीही नसेल तर त्या ॲपकडं हिंदीचे हक्कच नाहीत. थिएटरला हिंदीत लागलेला चित्रपट ॲपवर हिंदीत असेलच असं नाही. डाउनलोड करणार असाल तर आधी आवाज हिंदी करा, मग डाउनलोड. सगळ्या भाषा फाइलबरोबर उतरत नाहीत.

घरी टीव्हीवर कार्टून अचानक कन्नडमध्ये येतंय ही तक्रार आपल्या भागात नेहमीची. एकाच चॅनेलवर तीन-चार भाषांचे आवाज सोडलेले असतात. रिमोटवरचं 'लँग' किंवा 'ऑडिओ' बटण दाबून त्या वेळेपुरतं बदलतं, चॅनेल बदलला की परत पहिलं. कायमचं करायचं तर सेट-टॉप बॉक्सच्या मुख्य सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट ऑडिओ' हिंदी करून ठेवा.

पडदा काळा आणि आवाज चालू, हे एचडीसीपीचं काम. ॲप प्रोजेक्टरला विचारतं, तू कॉपी-संरक्षण पाळतोस का? जुना प्रोजेक्टर, स्वस्त स्प्लिटर किंवा एचडीएमआय ते व्हीजीए अडॅप्टर यांतलं काहीही मधे असलं की उत्तर मिळत नाही आणि चित्र अडवलं जातं. स्प्लिटर काढून थेट केबल लावून बघा. तरी काळंच राहिलं तर त्या प्रोजेक्टरवर ॲप चालणार नाही, त्यात वेळ घालवू नका. डीव्हीडी व्हीएलसीमधून व्हीजीएवरसुद्धा दिसते. नाहीतरी शाळांतले जुने प्रोजेक्टर बहुधा 800 बाय 600 किंवा 1024 बाय 768 चे असतात, तिथं डीव्हीडीचं चित्र काही कमी वाटत नाही. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. चित्र ताणून पडदा भरला की पात्रं उंच आणि रोडकी दिसतात.

पेनड्राइव्हचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: बऱ्याच नव्या टीव्हींमध्ये डीटीएस या प्रकारात साठवलेला आवाज चालत नाही. चित्र येतं, आवाज नाही. फाइल बिघडलेली नसते. फक्त आवाजाचा ट्रॅक एएसी किंवा एसी-3 मध्ये बदलायचा, चित्र 'कॉपी'वर ठेवायचं. काही मिनिटांत होतं. आणि पेनड्राइव्ह फॅट-32 पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही.

परवानगी. प्रताधिकार कायदा 1957, कलम 52(1)(j). शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक म्हणून फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि त्या उपक्रमाशी संबंधित माणसं असली, तर तो भंग ठरत नाही. तुम्ही शाळेत, शाळेतर्फे, शाळेच्याच मुलांना दाखवताय, तेव्हा या चौकटीत बसता. तेच मंडळानं गल्लीत पडदा बांधून सगळ्या गावाला दाखवलं तर ही सवलत नाही, हक्कधारकाची परवानगी लागते. तिकीट नव्हतं म्हणून भागत नाही. आणि ॲपच्या अटी हा वेगळा विषय: तिथं बहुतेक ठिकाणी घरगुती वापर असंच लिहिलेलं असतं. म्हणून शाळेसाठी विकत घेतलेली मूळ डिस्कच धरा.

चौथीच्या_बाई

तांत्रिक बाजू सरांनी आणि दादांनी सांगितली. मुलांच्या बाजूनं थोडं सांगते, कारण आवाज स्पष्ट आला तरी गोष्ट कळेलच असं नाही.

हिंदी डबमध्ये दुय्यम पात्रांना हौसेनं बोलीभाषा देतात. एखादा खारूताईचा पोर भोजपुरी, एखादा रक्षक हरियाणवी. आपल्या मुलांच्या कानाला मुंबईची टपोरी हिंदी आणि साधी टीव्हीवरची हिंदी कळते, पण भोजपुरी विनोदाला हॉल शांत राहतो. निवडण्याआधी मधलीच कुठली तरी दहा मिनिटं फक्त ऐका, चित्राकडं न बघता. कोण बोलतंय आणि काय म्हणतंय हे तुम्हाला कळत असेल तर चौथीच्या पुढं अडचण नाही. नट किती मोठा यावर डबची परीक्षा होत नाही, आवाजात पात्र उभं राहतं का हे बघावं. नव्वदीत दूरदर्शनवरच्या 'जंगल बुक'मध्ये शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. तो वाघ ऐकूनच मुलं सावरून बसत. मला तर डब असावा तो तसा.

गाणी बघा. काही डबमध्ये गाणीही हिंदीत करतात, काहींत इंग्रजीच ठेवतात. गाण्यातून कथा पुढं सरकत असेल आणि गाणं इंग्रजीत असेल तर तो चित्रपट घेऊ नका, लहान मुलं तिथंच उठून पाणी प्यायला जातात.

आपल्या मराठी शाळांतल्या मुलांना एक मोठा फायदा आहे: हिंदी सबटायटल देवनागरीत, ती त्यांना वाचता येतात. शेजारच्या कन्नड शाळेची मुलं येणार असतील तर त्यांना हा आधार नाही, हे धरून चला. पण सबटायटल आणि डब बहुतेक वेळा वेगवेगळ्या माणसांनी मूळ इंग्रजीवरून केलेले असतात. कानावर एक वाक्य, डोळ्यासमोर दुसरं. पाचवी ते सातवीची मुलं गोंधळतात आणि चित्र बघायचंच सोडतात. दोन्ही जुळत असतील तरच सबटायटल चालू ठेवा. तिसरीपर्यंतच्या मुलाला दोन ओळी वाचून होईपर्यंत प्रसंग पुढं गेलेला असतो, त्यांच्यासाठी त्याचा उपयोग नाही.

त्याऐवजी सुरू करण्याआधी पाच मिनिटं मराठीत पात्रांची ओळख करून द्या. फळ्यावर चार-पाच नावं, कोण कोणाचा कोण, आणि गोष्ट जिथून सुरू होते तेवढंच. शेवट सांगू नका. 40-45 मिनिटांनी दहा मिनिटं थांबा आणि आतापर्यंत काय झालं ते एका मुलाकडून मराठीत वदवून घ्या. जे चुकलं असेल ते बाकीची मुलंच दुरुस्त करतात. हे फार गुणकारी आहे.

पहिली-दुसरीला नव्वद मिनिटं बसवू नये असं माझं ठाम मत आहे. त्यांच्यासाठी वेगळ्या खोलीत संवाद नसलेले लघुपट लावा. ब्लेंडर फाउंडेशनचा 'बिग बक बनी' (2008) साधारण दहा मिनिटांचा आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, श्रेय दिलं की दाखवायला कुणाची आडकाठी नाही. मंडळाला गल्लीत दाखवायचं असेल तर त्यांनाही हेच सुचवा.

डिस्कवरचं प्रमाणपत्र बघा: 'यू' असावं. 2023 च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झालेत, नव्या चित्रपटांना ते लागतात. मुख्याध्यापकांची लेखी मंजुरी घ्या आणि एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत नोंद करून ठेवा, म्हणजे हा शाळेचाच उपक्रम होता हे कागदावर राहतं.

खानापूर_रोड

बाई, सर, दादा, मनापासून आभार. वाय केबल लावली, 2.0 ट्रॅक लावला, संवाद खणखणीत. आता एक नवीनच: ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं वाटतंय. शिवाय मागच्या रांगेसाठी एक ब्लूटूथ स्पीकर ठेवावा का? आणि हेस्कॉमचा (आमच्याकडच्या वीज कंपनीचा) भरवसा नाही, मधेच वीज गेली तर?

निपाणी_साउंड

डबमध्ये ओठांवरून निदान करायचं नाही. ओठ मूळ इंग्रजीचे आहेत, ते हिंदीशी पूर्ण कधीच जुळणार नाहीत. चांगला डब-लेखक प, फ, ब, भ, म ही ओठ मिटणारी अक्षरं चित्रात ओठ मिटतात तिथं आणायचा प्रयत्न करतो, बाकी तोंड उघडं-बंद एवढंच जमवतो. तुम्ही दार आपटणं, टाळी, पावलं बघा. हे आवाज मूळ चित्रपटाच्या ट्रॅकमधून जसेच्या तसे येतात, डबमध्ये फक्त संवाद बदलतात. दार आपटलं आणि आवाज त्याच क्षणी आला, तर तुमची यंत्रणा ठीक आहे.

दाराचा आवाजही मागं-पुढं असेल तर एकदा सुरुवातीला आणि एकदा तासाभरानं तपासा. फरक दोन्हीकडं सारखा असेल तर व्हीएलसीमध्ये जे आणि के या कळा आहेत, एका दाबाला 50 मिलिसेकंद. आवाज उशिरा येत असेल तर जे. फरक वाढत जात असेल तर तो कळांनी जात नाही. जुन्या पाल (भारतातल्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीच्या) डिस्कवर चित्रपट सेकंदाला 25 चौकटींनी धावतो, मूळ चित्र 23.976 चं. अशा डिस्कचा हिंदी आवाज दुसऱ्या आवृत्तीच्या चित्राला जोडलेला असला की दहा मिनिटांत जवळपास 25 सेकंदांचा फरक पडतो. नव्वद मिनिटांचा चित्रपट 86 मिनिटांत आटपतो, त्यावरूनही ओळखता येतं. मूळ डिस्क सरळ चालवली तर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथं चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वेगाचे असतात. म्हणून जोडजाड केलेल्या फाइलीच्या नादी लागू नका.

ब्लूटूथ स्पीकर नको. त्याला 100 ते 300 मिलिसेकंद उशीर असतो. वायरचे कॉलम आधी आणि तो नंतर, म्हणजे मागच्या रांगेला प्रत्येक शब्द दोनदा. 40 फुटांना दोन कॉलम पुरतात.

विजेसाठी: दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावरही पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरायला हवा. मधेच वीज गेली की तापलेला दिवा तसाच राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं. कॉम्प्युटरचा साधा 600 व्हीएचा यूपीएस फक्त प्रोजेक्टरला द्या. त्यावर चित्रपट चालवायचा नाही. वीज गेली की लगेच प्रोजेक्टर रिमोटनं बंद करा, पंखा थांबला की यूपीएस बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहील, त्यावर चित्रपट तिथंच थांबवून ठेवा. ॲम्प्लिफायरचं बटण मात्र वीज गेल्या गेल्या बंद करा. वीज परत येताना धाडकन जो आवाज होतो त्यात कॉलमचा कॉइल जातो. वीज आली की आधी लॅपटॉप-मिक्सर, मग सगळ्यात शेवटी ॲम्प्लिफायर, व्हॉल्युम शून्यावर ठेवून.